जमीन सरकारी आहे, मग काळजी कसली?
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 या व्यासपीठावर आपण एरवी कीर्तन ऐकतो, नाट्यगीते ऐकतो, कधी राणीसाहेबांच्या चरित्रावर विद्वानांचे व्याख्यान ऐकतो. मी विद्वान नाही. रेल्वेच्या लेखा विभागात चौतीस वर्षे बिले तपासली, एवढीच माझी पुंजी. समितीने बोलण्याचा आग्रह केला तेव्हा ठरवले की आपल्याला जे येते त्यावरच बोलावे. म्हणून आज हिशेबाचा विषय घेतला आहे. बिल्डर दिवाळखोरीत जातो, घरे अर्धवट राहतात. त्या वेळी ज्या नगरसंस्थेने त्याला जमीन दिली, नकाशा मंजूर केला, ती नगरसंस्था कुठे उभी असते? आपल्या बाजूला, बिल्डरच्या बाजूला, की स्वतःच्या थकबाकीच्या बाजूला?

विषय कोरडा वाटेल. पण या मंडपात बसलेल्या किती घरांतली मुले दिल्लीकडे किंवा पुण्यामुंबईकडे नोकरीला आहेत, हे मला ठाऊक आहे. नारोशंकरांच्या काळापासून आपण झाशीत आहोत, पण आपली पुढची पिढी घर घेते ती दुसऱ्याच शहरात. म्हणून हा विषय घरचाच आहे.

आधी माझी चूक सांगतो. २०११ साली माझ्या मुलाने दिल्लीजवळच्या एका शहरात फ्लॅट बुक करायचे ठरवले. त्याने मला फोनवर विचारले, "बाबा, पैसे भरू का?" मी दोन प्रश्न विचारले. जमीन कोणाची? तो म्हणाला, प्राधिकरणाची, भाडेपट्ट्याने. नकाशा मंजूर आहे का? म्हणाला, आहे. मी म्हटले, "जमीन सरकारी आहे, मग काळजी कसली? घे." माझ्या भविष्यनिर्वाह निधीतली रक्कमही त्यात घातली. तीन वर्षांत ताबा मिळणार होता. चौथ्या वर्षी काम थांबले. आम्ही दोघे प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी शांतपणे सांगितले, "हा तुमचा आणि बिल्डरचा मामला आहे." पुढे कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. तिथे पाहतो तर त्याच कार्यालयाचे वकील उभे! त्यांचा कोट्यवधींचा दावा दाखल होता, आणि तो आमच्याच इमारतीखालच्या जमिनीवर होता. आम्हाला "आमचा संबंध नाही" म्हणणारे कार्यालय आता रांगेत आमच्याही पुढे जागा मागत होते.

त्या दिवशी मला माझ्या वाक्यातली चूक कळली. सरकारी जमीन ही मी हमी समजत होतो. प्रत्यक्षात ती एक थकबाकी होती.

हे कसे घडते ते पाहू. उदाहरण नोएडाचे घेतो, कारण ते आपल्याच राज्यातले आणि सर्वांच्या माहितीतले आहे. १९७६ साली उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास कायदा झाला आणि त्याखाली नोएडा प्राधिकरण स्थापन झाले. पुढे त्याच कायद्याखाली ग्रेटर नोएडा आणि यमुना एक्स्प्रेस-वेची प्राधिकरणे आली. नोएडात आपल्या झाशीसारखी निवडून आलेली महानगरपालिका नाही. रस्ते, गटारे, पाणी, नकाशे, सगळे प्राधिकरणच पाहते. म्हणजे शहराचे सरकार तेच आणि शहराचा जमीनदारही तोच.

प्राधिकरण शेतकऱ्यांकडून जमीन घेते आणि बिल्डरला ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. ज्या काळात आमच्यासारख्यांनी बुकिंग केले त्या काळात बिल्डरकडून सुरुवातीला जमिनीच्या किमतीच्या जेमतेम १० टक्के रक्कम घेऊन भूखंड दिले गेले. बाकीचे पैसे पुढे हप्त्यांनी, व्याजासह. आता लेखा विभागातल्या माणसाच्या नजरेने हे पाहा. दहा टक्के भरून बिल्डरच्या हाती भूखंड आला. त्या भूखंडाच्या जोरावर त्याने बँकेचे कर्ज घेतले आणि आपल्यासारख्यांकडून बुकिंगचे पैसेही घेतले. ते पैसे त्याने इमारतीत घालावेत, प्राधिकरणाचे हप्ते भरावेत, की दुसऱ्या शहरात नवा भूखंड घ्यावा, हे पाहणारे कोणी नव्हते. हप्ते थकले, त्यावर व्याज आणि दंडव्याज चढले. प्राधिकरणाच्या वहीत येणे वाढत गेले, आणि वहीत येणे दिसते म्हणून सारे ठीक आहे असा समज राहिला. वसूल न होणारे येणे हे येणे नसते, हे आम्ही पहिल्या वर्षीच्या कारकुनाला शिकवत असू.

म्हणजे एकाच संस्थेच्या चार भूमिका झाल्या. ती जमिनीची मालक, नकाशाला परवानगी देणारी, कामावर देखरेख ठेवणारी, आणि बिल्डरची सावकारही. सावकार म्हणून तिला हप्ता हवा असतो, म्हणून देखरेखदार म्हणून ती डोळेझाक करते. काम थांबवले तर हप्ता बुडेल, ही भीती. शेवटी काम थांबतेच आणि हप्ताही बुडतो.

आता दिवाळखोरीच्या कायद्याकडे वळू. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. कंपनीने देणे थकवले की राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज जातो. आपल्या उत्तर प्रदेशातल्या कंपन्यांसाठी त्याचे खंडपीठ अलाहाबादेत म्हणजे आताच्या प्रयागराजमध्ये आहे. अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धच्या दाव्यांना आणि वसुलीला स्थगिती मिळते. संचालकांच्या हातून कारभार जातो आणि एक व्यावसायिक नेमला जातो. ज्यांचे पैसे अडकले त्या वित्तीय धनकोंची समिती बनते. नवा गुंतवणूकदार योजना आणतो आणि समितीने ६६ टक्के मतांनी मान्य केली तर ती न्यायाधिकरणापुढे जाते.

या समितीत कोण बसणार यावर सगळे अवलंबून असते. सुरुवातीला घरखरेदीदारांना तिथे स्थानच नव्हते. बँका ठरवणार आणि आयुष्याची कमाई घातलेला माणूस बाहेर उभा. ६ जून २०१८ च्या अध्यादेशाने घरखरेदीदारांना वित्तीय धनको मानले गेले, आणि ९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. २०२० मध्ये अट आली की खरेदीदारांना स्वतः अर्ज करायचा तर त्या प्रकल्पातले किमान १०० जण किंवा एकूण खरेदीदारांपैकी १० टक्के, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढे जण एकत्र हवेत. एकट्यादुकट्याचे हे काम राहिले नाही.

मग प्राधिकरणाची जागा कोणती? नोएडा प्राधिकरणाचे म्हणणे होते की आम्हीही बँकेसारखे वित्तीय धनको आहोत, आम्हालाही समितीत मत हवे. १७ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. जमीन भाडेपट्ट्याने देणे म्हणजे कर्ज देणे नव्हे, म्हणून प्राधिकरण हे व्यवहारातले म्हणजे ऑपरेशनल धनको, असा निर्णय झाला. सोप्या भाषेत सांगायचे तर ते बँकेच्या रांगेत नाही, माल उधार दिलेल्या व्यापाऱ्याच्या रांगेत आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही. ग्रेटर नोएडातल्या एका प्रकल्पात प्राधिकरणाचा सुमारे ४३ कोटी ४० लाखांचा दावा होता. योजना त्याला नीट विचारात न घेताच मंजूर झाली. प्रकरण वर गेले आणि १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द करून पुन्हा समितीकडे पाठवली. १९७६ च्या कायद्याच्या कलम १३-अ नुसार प्राधिकरणाच्या थकबाकीचा त्या मालमत्तेवर बोजा असतो, म्हणून ते सुरक्षित धनको ठरते, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो ना, तसाच हा बोजा. फरक एवढाच की हा खरेदीदाराला दिसेल अशा जागी लिहिलेला नसतो.

तात्पर्य हे की प्राधिकरणाला समितीत मत नाही, पण त्याला वगळून केलेली योजना टिकत नाही. जो गुंतवणूकदार अर्धवट इमारत पूर्ण करायला येईल त्याला जमिनीच्या थकबाकीचा हिशेब आधी मिटवावा लागतो. तो मिटेपर्यंत घरे तशीच उभी.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्राधिकरणाचा पैसा कोणा साहेबाच्या खिशातला नसतो. त्यामागे शेतकरी आहे. २१ ऑक्टोबर २०११ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोएडा परिसरातल्या शेतकऱ्यांना ६४.७ टक्के जादा मोबदला द्यायला सांगितले. असा मोबदला द्यायचा तो प्राधिकरणाने, आणि वसूल करायचा बिल्डरकडून. जेपी इन्फ्राटेक कंपनी ९ ऑगस्ट २०१७ रोजी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. वीस हजारांहून अधिक खरेदीदार अडकले. सुरक्षा समूहाची योजना मार्च २०२३ मध्ये मंजूर झाली, तर यमुना प्राधिकरण या जादा मोबदल्यासाठी अपिलात गेले. मे २०२४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सुमारे १,३३४ कोटी रुपये हप्त्यांनी देण्याचे ठरवून दिले. इथे एका बाजूला घर नसलेला मध्यमवर्गीय आणि दुसऱ्या बाजूला जमीन गेलेला शेतकरी. भांडण या दोघांचे नव्हतेच. ज्याने दोघांचे पैसे वापरले तो तिसराच होता.

ही अडचण फक्त उत्तरेचीच आहे असे समजू नका. मुंबईत गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, ज्याला पत्राचाळ म्हणतात, तिथे ६७२ भाडेकरू कुटुंबे होती आणि जमीन म्हाडाची, सुमारे ४७ एकर. १० एप्रिल २००८ रोजी सोसायटी, म्हाडा आणि विकासक यांचा त्रिपक्षीय करार झाला. कुटुंबांनी चाळ रिकामी केली. घरे काही झाली नाहीत. २०१७ मध्ये विकासक कंपनी बँकेच्या अर्जावरून दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि त्यानंतर, १२ जानेवारी २०१८ रोजी, म्हाडाने करार संपवल्याची नोटीस दिली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थगितीकाळात विकासकाच्या ताब्यातली जमीन काढून घेता येत नाही, ती तुमच्या मालकीची असली तरीही. दहा वर्षे जो अधिकार वापरला नाही, तो वापरायला निघाले तेव्हा दार बंद झाले होते. पुढे शासनाच्या निर्णयाने म्हाडाने स्वतः काम हाती घेतले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा सुरू झाले. २००८ ते २०२२. या काळात त्या चाळीतले किती वडीलधारे गेले असतील याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

याउलट अंधेरीत मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयाचे प्रकरण पाहा. जमीन मुंबई महापालिकेची, १५०० खाटांचे रुग्णालय बांधायचे आणि २० टक्के खाटा पालिकेसाठी, अशी बोली होती. रुग्णालय चालवणारी कंपनी बुडाली आणि नव्या गुंतवणूकदाराची योजना मंजूरही झाली. पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल लागला की पालिकेच्या कायद्यानुसार लागणाऱ्या मंजुरीशिवाय पालिकेच्या जमिनीवर नवे हक्क निर्माण करता येत नाहीत. दिवाळखोरीचा कायदाही ते करू शकत नाही. इथे नगरसंस्था वेळेवर आपल्या हक्कासाठी उभी राहिली, आणि तो हक्क जनतेचा होता. पुढे कोविडच्या साथीत त्याच इमारतीत पालिकेने रुग्णांवर उपचार केले.

म्हणजे नगरसंस्थेला अधिकार नाहीत असे नाही. प्रश्न हा आहे की ती ते केव्हा वापरते आणि कोणासाठी वापरते.

हे सर्वात स्पष्टपणे सांगितले ते आम्रपाली प्रकरणात. ४२ हजारांहून अधिक घरखरेदीदार होते. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बिल्डरने पैसे फिरवले हे तर सांगितलेच, पण नोएडा आणि ग्रेटर नोएडा प्राधिकरणांनाही धारेवर धरले. थकबाकी वाढत असताना त्यांनी कारवाई केली नाही, जनतेच्या विश्वस्ताचे काम केले नाही. म्हणून तुमची थकबाकी या खरेदीदारांच्या घरांवर वसूल करता येणार नाही, बिल्डरच्या इतर मालमत्तांतून करा, असा आदेश झाला. भाडेपट्टे रद्द होऊन ते हक्क न्यायालयाच्या रिसीव्हरकडे गेले, बांधकाम पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीला दिले, आणि राहायला गेलेल्या लोकांची रजिस्ट्री करून द्या असे प्राधिकरणांना सांगितले.

माझ्या मते सगळ्या निकालांत सामान्य माणसाने लक्षात ठेवावा असा हाच. झोपलेल्या विश्वस्ताला जागे झाल्यावर पहिला घास मागता येत नाही. पण प्रत्येकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जात नाही, हेही खरे.

सरकारच्याही हे लक्षात आले आहे. केंद्राने २०२३ मध्ये अमिताभ कांत समिती नेमली. देशात ४ लाख १२ हजार घरे अडकली असून त्यांपैकी सुमारे २ लाख ४० हजार दिल्ली परिसरात आहेत, असा आकडा त्या समितीच्या अहवालात आहे. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने धोरण आणले. कोविडची दोन वर्षे 'शून्य काळ' धरून त्यांचे व्याज माफ, आणि उरलेल्या थकबाकीच्या २५ टक्के बिल्डरने साठ दिवसांत भरल्यास रजिस्ट्री खुली. २०२५ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी मंडळाने नियम बदलून प्राधिकरणांना धनको समितीच्या बैठकीस मताविना बोलावण्याची सोय केली. जी माहिती शेवटी भांडणात बाहेर यायची ती आता पहिल्या महिन्यांतच टेबलावर येऊ शकेल. चांगले पाऊल आहे. पण ही सारी औषधे आजार झाल्यानंतरची.

आता झाशीकडे येतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण, म्हणजे बीडा, स्थापन करायचे ठरवले. आपल्या झाशीची ३३ गावे, सुमारे ३५ हजार एकर जमीन, आणि नमुना नोएडाचा. नोएडानंतर ४७ वर्षांनी असे नवे शहर वसवले जात आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. मलाही आनंद आहे. कारखाने आले तर आपली मुले घराजवळ राहतील. पण जिथे कारखाने तिथे वसाहती, आणि जिथे वसाहती तिथे बुकिंगची रंगीत पत्रके. कायदा तोच १९७६ चा, म्हणजे कलम १३-अ चा बोजाही तोच. नोएडाने जे पन्नास वर्षांत शिकले ते झाशीने पुन्हा पहिलीपासून शिकू नये, एवढीच प्रार्थना.

म्हणून काही गोष्टी लिहून घ्या. बयाणा देण्याआधी भाडेपट्ट्याची प्रत मागा आणि त्यातले हप्त्यांचे वेळापत्रक वाचा. बिल्डरने आजवरचे हप्ते भरले का, याचे प्राधिकरणाचे पत्र मागा. तो देत नसेल तर माहितीच्या अधिकारात तुम्ही विचारा. रेरा नोंदणी क्रमांक स्वतः तपासा. २०१६ च्या त्या कायद्यानुसार खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, तेव्हा चेक त्याच खात्याच्या नावे आहे ना ते पाहा. ताबा घेताना पूर्णत्वाचा दाखला विचारा. किल्ली म्हणजे मालकी नव्हे, मालकी रजिस्ट्रीने येते. आणि दुर्दैवाने कंपनी दिवाळखोरीत गेलीच, तर जाहीर सूचनेतल्या मुदतीत 'फॉर्म सीए' भरून दावा दाखल करा आणि शेजाऱ्यांबरोबर संघटना बांधा. घरी बसून "सगळ्यांचे होईल ते आपले होईल" म्हणू नका.

आणि एक मागणी आपण मराठी मंडळींनी इतर नागरिकांबरोबर झाशीतल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. प्रत्येक भूखंडावर बिल्डरची किती थकबाकी आहे ती दर तीन महिन्यांनी जाहीर करा, आणि बांधकामाच्या जागेवरच्या फलकावर लावा. नकाशा मंजुरीचा क्रमांक जसा मोठ्या अक्षरांत लावतात, तसाच. याला नवा कायदा लागत नाही. वही उघडी ठेवायची एवढेच.

माझ्या मुलाला घर मिळाले, बारा वर्षांनी. आम्ही वास्तुशांत केली तेव्हा रजिस्ट्री झालेली नव्हती, आणि नातू त्या घराच्या नकाशावर चित्रे काढत मोठा झाला होता. मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याचा फोन आला. "काका, बीडाच्या बाजूला एक योजना निघते आहे म्हणतात. जमीन प्राधिकरणाची आहे. घेऊ का?"

मी म्हटले, "घे बाळा, जरूर घे. पण आधी मला त्या जमिनीच्या हप्त्यांची पावती दाखव."